वास येईनासा झाला, म्हणजे कंपवात सुरू झाला असं समजायचं का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही लिहिता की बाबा ६३ वर्षांचे, निवृत्त शिक्षक, आईबरोबर नागपुरात राहतात आणि तुम्ही नोकरीमुळे पुण्यात आहात. २०२१ च्या एप्रिलमध्ये बाबांना कोविड झाला तेव्हा वास गेला होता, महिन्याभरात परत आला. आता दीड-दोन वर्षांपासून पुन्हा येत नाही. गॅसवर दूध करपलं तरी शेजारच्या खोलीतल्या बाबांना पत्ता लागत नाही. पोट साफ न होण्याची तक्रार जुनी आहे. हात थरथरत नाहीत, चालणं ठीक आहे. वास जाणं ही कंपवाताची, म्हणजे पार्किन्सन्सची, पहिली खूण असते आणि पाठीतलं पाणी तपासून हा आजार काही वर्षं आधीच पकडता येतो, असं तुमच्या वाचनात आलं. ती चाचणी कुठे होते आणि बाबांची करून घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय.

मी नागपुरात वीसेक वर्षं मेंदूविकारांची ओपीडी करतो आणि कोविडनंतर हा प्रश्न दर महिन्याला कोणी ना कोणी विचारतंच. ‘कुठे’ याचं उत्तर पुढे देतो, कारण त्याआधी दोन गोष्टी सुटायला हव्यात. वास नाकामुळे गेलाय की मेंदूमुळे, ही पहिली. मेंदूमुळे गेला असेल तर ते आज कळून बाबांच्या पदरात काय पडणार, ही दुसरी, आणि मला ती जास्त मोलाची वाटते. बाबांना समोर बसवून तपासल्याशिवाय निदान सांगता येणार नाही. विचार कसा करायचा एवढं मात्र नक्की सांगू शकतो.

तुम्ही वाचलंत ते मुळात खरं आहे. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या आजाराचं पहिलं सविस्तर वर्णन केलं, तेव्हा ज्ञानेंद्रियं आणि बुद्धी शाबूत राहते असं लिहून ठेवलं होतं. वासाबद्दल पहिला अभ्यास प्रसिद्ध व्हायला १९७५ साल उजाडलं. आज नीट चाचणी घेतली तर कंपवाताच्या दहापैकी आठ-नऊ रुग्णांची वासाची क्षमता घटलेली आढळते. हाताची थरथर, जिच्यावरून आपल्याकडे या आजाराला नाव पडलं, ती सुरुवातीला दहातल्या सातांनाच असते.

असं का होतं ते थोडं समजून घ्या, म्हणजे पुढच्या चाचण्यांचा अर्थ लागेल. नाकाच्या छतावर वास टिपणाऱ्या पेशी असतात. त्यांचे धागे चाळणीसारख्या एका पातळ हाडातून वर जातात आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या, जेमतेम सेंटिमीटरभर लांबीच्या एका कंदात पोहोचतात. कंपवातात अल्फा-सिन्युक्लीन नावाचं प्रथिन चुकीच्या पद्धतीने दुमडतं आणि मज्जापेशींत त्याच्या गाठी साचतात. हायको ब्राक या जर्मन शरीररचनातज्ज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मरणोत्तर मेंदू तपासून २००३ मध्ये दाखवलं की या गाठी पुष्कळांत आधी वासाच्या कंदात आणि मेंदूच्या देठाच्या खालच्या भागात दिसतात. हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या काळ्या भागापर्यंत त्या नंतर चढतात. तिथल्या निम्म्याच्या आसपास पेशी गेल्या की मग हात जड होतो, पाऊल घासतं. प्रत्येक रुग्णात हाच क्रम असतो असं नाही. काहींत सुरुवात आतड्याच्या मज्जातंतूंपासून होत असावी असं आता मानतात, आणि त्यांची बद्धकोष्ठता फार जुनी असते. पण वास आधी आणि हात नंतर, हे पुष्कळांच्या बाबतीत जुळतं.

एक अनुभव सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. काटोलकडचे एक संत्रा बागायतदार उजवा खांदा जखडला म्हणून सहा महिने शेक, व्यायाम, इंजेक्शन असं सगळं करून माझ्याकडे आले. चालताना त्यांचा उजवा हात अंगाला चिकटलेला, हलतच नव्हता. टाळी वाजवतो तशी अंगठा आणि तर्जनी भराभर जुळवायला सांगितली, तर दहाव्या-बाराव्या वेळेला बोटांची उघडझाप लहान होत गेली. मी वासाबद्दल विचारलं. ते म्हणाले, ठीक आहे. पत्नी मागच्या खुर्चीवर होत्या, त्या लगेच म्हणाल्या, “काहीच ठीक नाही जी. चार सालांपासून यांना बहाराचा वास येत नाही. बगीचा फुलला की आमच्या आंगणापर्यंत घमघमाट येते, अन् हे मला विचारतात, फुटला का बहार?” त्यावर ते म्हणाले, “पण त्याच्यासाठी कोणी डॉक्टरकडे जाते का?”

जानेवारी-फेब्रुवारीत आंबिया बहाराच्या वेळी संत्र्याच्या बागेतून जो गेलाय, त्याला हे काय असतं ते सांगायला नको. जन्मभर त्या बागेत वाढलेल्या माणसाचा तो वास गेला, आणि त्याला ती तक्रार वाटली नाही. टेबलावर संत्रं होतं. मी साल काढून, त्यांना डोळे मिटायला सांगून, नाकाखाली मुडपली. ते म्हणाले, “नाकाला झोंबते, पण काय आहे ते नाही सांगता येत.”

त्यांच्या या वाक्यात एक मोलाची खूण होती. झोंबणं आणि वास येणं या वेगळ्या नसांच्या गोष्टी आहेत. विक्सचा थंडपणा, कापलेल्या कांद्याची आग, अमोनियाचा ठसका हे चेहऱ्याच्या संवेदनेची नस टिपते, वासाची नस नाही. म्हणून बाबांना विक्स हुंगायला देऊन “येतो की वास!” असा निष्कर्ष काढू नका. घरी पाहायचंच असेल तर चहापत्ती, कॉफी, हिंग, अंगाचा साबण आणि चुरडलेला सांबार घ्या (तुमच्या पुण्यात त्याला कोथिंबीर म्हणतात). डोळे मिटून, एक नाकपुडी बंद करून एकेक हुंगायला द्या आणि चार पर्याय सांगून विचारा, यातलं काय? पर्याय द्यायलाच हवेत, कारण वास ओळखीचा वाटतो आणि नाव आठवत नाही, असं धडधाकट माणसाचंही होतं.

जगभर सर्वांत जास्त वापरली जाणारी चाचणी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १९८० च्या दशकात तयार झाली. चाळीस वास, कागद खरवडायचा, हुंगायचा, चारातला एक पर्याय निवडायचा. चाचणी उत्तम आहे, पण तिच्यात रूट बिअर, जिंजरब्रेड, शेपू घातलेल्या काकडीचं लोणचं असले वास आहेत. नागपूरच्या महाल किंवा इतवारी भागातल्या आजींनी आयुष्यात न हुंगलेल्या गोष्टी त्यांना ओळखता आल्या नाहीत, तर दोष त्यांच्या नाकाचा नसतो. म्हणून भारतीय वासांवर आधारलेल्या चाचण्याही तयार झाल्या आहेत. तुम्हाला कोणी फक्त गुणांचा आकडा सांगितला, तर कोणत्या चाचणीतला आकडा, हे विचारून घ्या.

आता तुमच्या काळजीच्या मुळाशी येऊ. कंपवात असलेल्या बहुतेकांचा वास गेलेला असतो, पण वास गेलेल्या बहुतेकांना कंपवात नसतो. वयानेच वास कमी होतो; ऐंशीच्या पुढे तर चारातल्या तिघांचा मंदावलेला सापडतो. होनोलुलूत जपानी वंशाच्या २,२६७ वयस्क पुरुषांच्या वासाची चाचणी घेऊन पुढे अनेक वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं होतं. २००८ मध्ये निष्कर्ष आले. सर्वांत कमी गुण मिळालेल्या चौथाईत, पहिल्या चार वर्षांत कंपवात होण्याची शक्यता वरच्या दोन चौथाईंच्या पाचपट होती. बातमीत छापून येतं ते हे ‘पाचपट’. पण संपूर्ण अभ्यासात कंपवात झाला तो ३५ जणांना. खालच्या चौथाईत साडेपाचशेच्यावर माणसं होती आणि त्यांतल्या बहुतेकांना तो झाला नाही.

बाबांच्या वयाचं गणित मांडून दाखवतो. हालचालींची लक्षणं दिसण्याआधीच्या काळासाठी आंतरराष्ट्रीय निकष आहेत, ते २०१९ मध्ये सुधारले गेले. त्यांत ६० ते ६४ वयाच्या कोणाही माणसात हा आजार आत सुरू झालेला असण्याची शक्यता सव्वा टक्का धरतात. नीट चाचणी घेऊन वास गेलेला आढळला की ती साडेसात टक्क्यांच्या आसपास जाते. बद्धकोष्ठता मिळवली की सतराच्या आसपास. अशा सहा माणसांमागे एक, असं समजा. तेही वास जाण्याचं दुसरं कारण सापडलं नाही तरच. सायनस किंवा कोविड हे कारण निघालं, तर वासामुळे वाढलेली शक्यता या गणितात धरायचीच नाही.

हे गणित एका झटक्यात बदलणारी एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, आणि ती फक्त आईला माहीत असेल. बाबा झोपेत ओरडतात का? हातपाय झाडतात, शेजारी झोपलेल्या आईला बुक्की लागते, पलंगावरून खाली पडतात, आणि उठवलं की “कुत्रा मागे लागला होता” असं स्वप्न सांगतात का? स्वप्नाच्या झोपेत मेंदू स्नायूंचा पुरवठा बंद ठेवतो, म्हणून आपण स्वप्नात पळतो पण पाय हलत नाहीत. ती कळ बिघडली की माणूस स्वप्न अंगाने जगतो. २०१९ मध्ये अनेक देशांतल्या १,२८० अशा रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दरवर्षी सहा टक्क्यांहून थोड्या जास्त जणांत, आणि बारा वर्षांत सुमारे ७३ टक्क्यांत कंपवात किंवा त्याच कुळातला आजार दिसून आला. वास, बद्धकोष्ठता आणि झोपेच्या रात्रभराच्या तपासणीत सिद्ध झालेला हा दोष, असं तिन्ही एकत्र आलं तर वरचं गणित नव्वद टक्क्यांच्या पुढे जातं. फक्त नैराश्याच्या काही गोळ्यांनीही असं होतं, आणि जोरात घोरून श्वास अडकणाऱ्यांची धडपडही वरून अशीच दिसते. त्यामुळे आईच्या सांगण्यावरून शंका घ्यायची, खात्री तपासणीने करायची.

कोविडचं काय? कोविडने गेलेला वास दिवसा-दोन दिवसांत जातो, माणसाला तारीख सांगता येते. परत येताना अनेकदा विचित्र होऊन येतो. कॉफी जळकी लागते, कांद्याच्या फोडणीला सडका वास येतो. कंपवातातला वास वर्षानुवर्षं हळूहळू विझतो आणि माणसाला त्याची दखल नसते. बाबांचा कोविडनंतर पूर्ण परतला होता, हे तुम्ही लिहिलंत ते फार उपयोगी आहे. दुसऱ्यांदा तो एखाद्या सर्दी-तापानंतर एकदम गेला की कधी गेला ते कोणालाच सांगता येत नाही? पहिलं असेल तर माझी काळजी बरीच कमी होईल. आणखी दोन गोष्टी विचारा. मधल्या काळात स्कूटरवरून पडणं, डोक्याला मार लागणं झालं का? मार लागला की त्या चाळणीच्या हाडातले धागे तुटतात. आणि कशासाठी तरी स्टेरॉइडचा कोर्स घेतला तेव्हा चार दिवस वास आला होता का? आला असेल तर अडथळा नाकात आहे, सूज किंवा मांसाचा कोंब, आणि त्यावर उपचार आहेत.

आता चाचण्या. पाठीतल्या पाण्याच्या ज्या चाचणीबद्दल तुम्ही वाचलंत ती समजायला विरजणाची उपमा मला सर्वांत सोपी वाटते. चांगल्या दुधात चमचाभर दही पडलं की काही तासांत सगळं दूध दही होतं. तसंच, बिघडलेलं अल्फा-सिन्युक्लीन चांगल्या प्रथिनाला आपल्यासारखं दुमडायला लावतं. प्रयोगशाळेत छोट्या खळग्यात चांगलं प्रथिन घेतात, त्यात रुग्णाच्या पाठीतल्या पाण्याचे थेंब टाकतात आणि हलवत ठेवतात. पाण्यात बिघडलेल्या प्रथिनाचा अंश असेल तर सगळं त्या रूपात जमू लागतं, आणि आत घातलेला रंग चमकून ते दाखवतो. ही युक्ती मुळात प्रायॉन नावाच्या प्रथिनांच्या मेंदूविकारांसाठी वापरात आली आणि तिथून इकडे आली.

मायकेल जे. फॉक्स प्रतिष्ठानच्या पाठबळावर २०१० पासून चालू असलेल्या मोठ्या अभ्यासात १,१२३ जणांवर ती वापरली, आणि २०२३ मध्ये निष्कर्ष आले. कंपवात असलेल्यांपैकी ८७.७ टक्क्यांत पॉझिटिव्ह, निरोगी लोकांपैकी ९६.३ टक्क्यांत निगेटिव्ह. आनुवंशिक दोष नसलेल्या आणि वास गेलेल्या कंपवाताच्या रुग्णांत हा आकडा ९८.६ वर गेला, तर वास शाबूत असलेल्यांत ७८ च्या आसपास राहिला. म्हणजे दोघांच्याही हाताला थरथर, पण ज्याचा वास गेलाय त्याच्या पाठीतल्या पाण्यात हे बिघडलेलं प्रथिन जवळपास नक्की सापडतं. एलआरआरके२ या जनुकातल्या दोषामुळे होणाऱ्या कंपवातात वास अनेकदा टिकून असतो आणि ही चाचणीही पुष्कळदा निगेटिव्ह येते. एकाच नावाखाली आपण एकाहून जास्त आजार बांधून ठेवलेत की काय, असा प्रश्न त्यातून उभा राहतो आणि मला तो फार खरा वाटतो. केवळ वास गेल्यामुळे अभ्यासात घेतलेल्या, हालचाल ठीक असलेल्या १८ जणांपैकी १६ पॉझिटिव्ह निघाले. हा आकडा वाचून घाबरू नका. ती माणसं जोखीम जास्त असलेली म्हणून निवडून घेतली होती. चौकातून उचललेले अठरा जण नव्हते.

विरजणाच्या उपमेतच या चाचणीची मर्यादाही आहे. विरजण लागलं की नाही हे ती सांगते. ते किती पडलं, कधी पडलं, दही व्हायला अजून किती वेळ आहे, हे सांगत नाही. पॉझिटिव्ह आलेल्या माणसाला दोन वर्षांनी त्रास होईल, पंधरा वर्षांनी होईल, की त्याआधीच तो दुसऱ्या कशाने जाईल, आज कोणालाही सांगता येत नाही.

बाकीच्या चाचण्या थोडक्यात. मानेच्या आणि पायाच्या त्वचेचे बारीक तुकडे घेऊन त्यातल्या मज्जातंतूंत हेच प्रथिन शोधतात. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात कंपवाताच्या ९२.७ टक्के रुग्णांत ते सापडलं. नाकाच्या आतून स्वॅब घेऊनही प्रयत्न झाले, पण पॉझिटिव्ह येण्याचं प्रमाण निम्म्याच्या आसपासच राहिलं. ट्रोडॅट नावाचा स्कॅन आपल्याकडे मोठ्या शहरांत होतो आणि हालचालीसाठी लागणाऱ्या डोपामिन या रसायनाचा मेंदूतला पुरवठा दाखवतो. थरथर कंपवाताची की साधी, अशी शंका असेल तेव्हा मी तो सांगतो. साधा एमआरआय या काळात बहुधा नॉर्मल येतो. तो मी दुसऱ्या कारणासाठी करून घेतो, कारण क्वचित वासाच्या नसेवर दाब देणारी गाठ निघते. आणि स्कॉटलंडच्या जॉय मिल्न या परिचारिकेबद्दल मला दर वेळी विचारतात: पतीच्या अंगाचा वास बदलल्याचं त्यांना निदानाच्या दहाहून अधिक वर्षं आधी जाणवलं होतं. हे खरं आहे, आणि त्यावरून मँचेस्टरचे संशोधक त्वचेच्या तेलकट स्रावातल्या रेणूंवर काम करतायत. बाबांसाठी आज त्याचा उपयोग नाही.

मग बाबांची पाठीतल्या पाण्याची चाचणी करावी का? माझं मत, आज नको. आपल्याकडे ती संशोधनाची चाचणी आहे, त्यामुळे ‘कुठे’ याचं उत्तर संशोधन प्रकल्पात असंच आहे. माझ्या ओपीडीत लक्षणं नसलेल्या माणसाला मी ती लिहून देत नाही. कारण सरळ आहे. हा आजार लक्षणांआधी थांबवणारं औषध अजून नाही. लेव्होडोपा उत्तम औषध आहे, पण ते हालचालीचा त्रास सुरू झाला की द्यायचं. गेलेला वास तर त्याने परतही येत नाही. म्हणजे पॉझिटिव्ह आलं तरी मी बाबांना जे सांगणार तेच निगेटिव्ह आलं तरी सांगणार. मधल्या काळात मात्र चहाचा कप जरा हलला की ते स्वतःच्या हाताकडे बघत बसतील. असं बघत बसणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांची झोप उडवणारा कागद आपण दिला याचं मला वाईट वाटलं आहे. २०२४ मध्ये संशोधकांच्या दोन गटांनी या आजाराची व्याख्या लक्षणांऐवजी प्रथिनावरून करावी असं मांडलं, पण ती चौकट त्यांनीही संशोधनापुरतीच ठेवली आहे. माझे काही सहकारी याबाबत माझ्यापेक्षा उत्साही आहेत. त्यांचा मुद्दा असा की औषधाच्या प्रयोगांसाठी लवकर सापडलेली माणसंच लागतील. मला तो पटतो. बाबा सगळं समजून अशा प्रयोगात जायला तयार असतील तर मी आडवा येणार नाही. पण तो निर्णय बाबांचा हवा. त्यांना न सांगता, ‘साधी तपासणी आहे’ म्हणून नेऊ नका.

वासाचा सर्वांत जास्त उपयोग मला होतो तो लक्षणं सुरू झालेल्या माणसात. हालचाल मंदावलेली आहे आणि वास शाबूत आहे, तर मी थांबतो. औषधामुळे आलेला कंपवात, रक्तवाहिन्यांमुळे आलेला, किंवा माणूस वारंवार मागे पडतो असा पीएसपी नावाचा आजार, यांत वास बहुधा टिकून असतो. औषधांचं विशेष लक्षात ठेवा. गॅस-अॅसिडिटीच्या कॅप्सूलमध्ये लेव्होसल्पिराइड, चक्करेच्या गोळीत सिनारिझिन असतं, आणि ही औषधं महिनोन्‌महिने चालू राहिली की हुबेहूब कंपवातासारखं चित्र उभं करतात. बाबांचं पोट साफ होत नाही म्हटल्यावर त्यांच्या डब्यात अशी कॅप्सूल असण्याची शक्यता आहे. सगळ्या पाकिटांचे फोटो मागवा. स्वतःहून काही बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा.

आता करायचं ते. पहिलं, कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीने नाक तपासून घ्या. नागपुरातली मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं, मिहानचं एम्स किंवा घराजवळचे तुमच्या ओळखीचे डॉक्टर, कुठेही चालेल. नाकात काही निघालं नाही तर एकदा मेंदूविकार तज्ज्ञांकडे. जाताना बाबांचं चालतानाचं अर्ध्या मिनिटाचं चित्रीकरण, औषधांची यादी आणि दहा वर्षांपूर्वीची व आजची सही न्या. निवृत्त शिक्षकांच्या बाबतीत मी वही मागतो. अक्षर ओळीच्या शेवटाकडे बारीक होत गेलं, बँकेने पेन्शनच्या कागदावरची सही जुळत नाही म्हणून परत पाठवलं, एका पायातली चप्पल नकळत निसटते, शर्टाचं बटण लावायला वेळ लागतो, आवाज खाली गेलाय, कुशीवर वळताना जड जातं: असलं काही आईच्या लक्षात आलंय का, तेही विचारा. काहीच नसेल तर वर्षातून एकदा तपासणी पुरते.

वासाचा व्यायामही सुरू करायला हरकत नाही. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या डॉक्टरांनी २००९ मध्ये मांडलेली पद्धत आहे: गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग, सकाळ-संध्याकाळ, प्रत्येक वास दहा-दहा सेकंद, लक्ष देऊन, निदान बारा आठवडे. सर्दी-कोविडनंतरच्या वासाला त्याचा फायदा होतो; कंपवाताच्या रुग्णांतही थोडी सुधारणा दिसली आहे. खर्च जवळपास नाही, अपाय नाही. रोज घाम येईल असं चालणंही ठरवा. कंपवात असो-नसो, मी आग्रहाने सांगतो ते हेच.

घर सुरक्षित करा. सिलिंडरच्या गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात तीव्र वासाचं रसायन मिसळतात. बाबांसाठी ती सूचना बंद झालेली आहे. आई बाहेर गेली आणि बाबा घरी एकटे असले, तर गळती झाल्याचं कोणालाच कळणार नाही. गॅसचा अलार्म बसवून घ्या, आणि तो खाली, जमिनीपासून फूटभर उंचीवर लावा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो तळाशी साचतो; छताजवळ लावलेला अलार्म उशिरा वाजेल. फ्रिजमधल्या डब्यांवर तारीख लिहून ठेवा, कारण वरण आंबलेलं बाबांना कळणार नाही. आणि जेवणाकडे लक्ष ठेवा. वास गेला की चव फिकी लागते, मग माणूस वरून मीठ घेतो, नाहीतर हळूहळू जेवण कमी करतो. बाबांचं वजन गेल्या वर्षापेक्षा उतरलंय का, ते कळवा.

आईला आज रात्री फोन करा, आणि बाबा शेजारी नसताना झोपेबद्दल विचारा, म्हणजे ती मोकळेपणाने सांगेल. ती लाथा-बुक्क्यांचं सांगत असेल तर वर लिहिलेला क्रम बदला: नाकाच्या तपासणीसाठी न थांबता याच महिन्यात मेंदूविकार तज्ज्ञांची वेळ घ्या, आणि तोवर पलंगाच्या कडेला जमिनीवर गादी टाकून ठेवा.